अबोल ताप

दि. ९ जानेवारी

माझ्या बहिणीच्या गुणी लेकीस,

परमेश्वर तुझ्या हातांना यश देवो आणि हे पत्र तुझ्यापर्यंत धडपणे पोहोचवो. या संगणक-यंत्रावर माझा अजून विश्वास बसलेला नाही. पत्र गेले असे ते मोठ्या आत्मविश्वासाने सांगते. परंतु लिफाफा पेटीत पडताना जो आवाज होतो, तो काही येत नाही. म्हणून सकाळपासून हे तिसरे पत्र. पहिली दोन पोहोचली असल्यास हे वाचू नकोस. न पोहोचली असल्यास हे दोनदा वाच.

प्रसंग गंभीर आहे. आमची नात काल दवाखान्यात जाऊन लस घेऊन आली आणि सायंकाळपासून तिला ताप चढला. पारा एकशे तीनच्या पुढे गेला आहे. अडीच वर्षांचे लेकरू, आणि अंग असे तापलेले की तळहात ठेववत नाही. तिची टकळी एरवीही थांबत नाही, म्हणूनच तर घरात तिचे नाव टकळी पडले. पण आज तिने घर अक्षरशः डोक्यावर घेतले आहे. औषधाचा चमचा तिने असा भिरकावला की माझा चष्मा थोडक्यात वाचला. 'आजोबा वाईट आहेत, आजोबांना घराबाहेर काढा,' असा ठराव तिने मांडला आणि स्वतःच मंजूर केला. पाणी मागितले, अर्धे प्याली आणि उरलेले माझ्या जोड्यात ओतले.

चिरंजीव नेहमीप्रमाणे बोटीवर, कुठल्या समुद्रात ते त्या बोटीलाच ठाऊक. सूनबाई मात्र कमालीची स्वस्थ आहे. 'बाबा, लसीचा ताप आहे, उद्या उतरेल,' एवढे बोलून ती पोळ्या लाटावयास गेली. मला तिच्या धैर्याचे कौतुक वाटावे की काळजी, हे ठरत नाही. निरोगी मुलाच्या अंगात आपण होऊन ताप घालावयाचा, ही कोणती विद्या? मुलांवर उपचार करण्यात तुझे केस पांढरे होऊ लागले आहेत. तू सांगशील ते मी प्रमाण मानीन. पण सत्वर सांग.

तुझा चिंतातुर मामा

*

दि. ९ जानेवारी, दुपार

मामा,

वाकून नमस्कार. तिन्ही पत्रे मिळाली. तिसऱ्यात पाठभेद फार आहेत. पहिल्यात पारा एकशे दोन होता.

माझ्या केसांबद्दल पुन्हा लिहिलेत तर आईकडे तक्रार करीन. आता ऐका. आपल्या शरीरात पहारेकरी असतात. लस म्हणजे त्यांना दाखवलेले चोराचे चित्र. खरा चोर आलेला नाही, येणारही नाही. पण चित्र पाहूनच त्यांनी धावपळ सुरू केली आहे, मशाली पेटवल्या आहेत. चोराचा चेहरा ते पाठ करताहेत. तुमच्या पाठशाळेत नवे विद्यार्थी पहिल्या दिवशी कसे घसा फोडून म्हणत, तसेच समजा. या पाठांतराची ऊब म्हणजे हा ताप. ताप हा शत्रू नव्हे, पहाऱ्याची हाळी आहे. हाळी ऐकून घर सोडून पळायचे नसते. शांत राहावे.

टकळीने चमचा फेकला, ठराव केला, तुमच्या जोड्यात पाणी ओतले, हे वाचून मला फार बरे वाटले. जोड्याबद्दल दिलगीर आहे. तिला हवे तेवढे पाणी पाजा, अंगावर हलके कपडे ठेवा. अस्वस्थ वाटली तर वहिनीकडे असलेले तापाचे औषध तिच्या वजनाप्रमाणे द्या. पारा दर घटकेला पाहू नका, तो काही पळून जात नाही. उद्या-परवा ती पूर्वीसारखी होईल.

वहिनीचे ऐकत जा. आणि हे सारे लसीच्या तापाबद्दल. पुढे कधी दुसरा ताप आला तर मला कळवा, पण एकच पत्र लिहा.

तुमची भाची

*

दि. २६ फेब्रुवारी, सकाळ

गुणी लेकीस, तुझ्या विद्येची वृद्धी होवो.

दुसरा ताप आल्यास कळवावे, अशी तुझी आज्ञा होती. त्यानुसार कळवतो, आणि एकच पत्र लिहितो. या वेळी तुला मामाच्या धीराचे कौतुक वाटेल.

टकळीला काल दुपारपासून ताप आहे. काल एकशे दोन होता; औषध दिल्यावर आज सकाळी शंभरावर उतरला. दोनदा उलटी झाली, त्यामुळे पोट मोकळे झाले. दूध-पाणी नको म्हणते. तेही योग्यच, लंघनासारखे औषध नाही. अंग अजून कढत आहे, पण हात-पाय गार पडले आहेत, म्हणजे ताप टोकांकडून ओसरू लागला असे मी समजतो. लंगोट सकाळी बदलावयास गेलो तर कोरडाच. तेवढे काम वाचले. मांडीवर दोन-तीन ठिपके दिसतात, डास चावले असावेत. खिडकी आज लावून घेईन. तिलाही उजेड नकोसा झाला आहे, भिंतीकडे तोंड करून निजते.

विशेष म्हणजे तिची शांतता. मी सकाळचे वाचन करतो तेव्हा घरात कोणी बोलत नाही, हा आपला जुना शिरस्ता तुला ठाऊक आहे. तू लहानपणी तो कितीदा मोडलास तेही मला ठाऊक आहे. टकळीने तो आजवर एकदाही पाळला नव्हता. आज मात्र पोथीजवळ तिचे अंथरूण घातले आणि मी पूर्ण अध्याय वाचला, तरी तिने हूं की चूं केले नाही. हाक मारली तर डोळे किलकिले करते आणि पुन्हा मिटते. पाय सरळ करू गेलो तेव्हा तेवढी कण्हली. आजाराने का होईना, लेकराच्या चित्ताला स्थैर्य आले.

या वेळी घाबरली ती सूनबाई. भिंगांच्या कारखान्यात आज मोठे काम आहे, तरी रजा घेते म्हणाली. 'बाबा, ही माझी मुलगी वाटतच नाही मला आज. कुणाची तरी आणून ठेवल्यासारखी वाटते.' मी तिला समोर बसवून तुझे वाक्य वाचून दाखवले: ताप हा शत्रू नव्हे, पहाऱ्याची हाळी आहे, शांत राहावे. जाणत्याचे वचन समोर असता आपण मनाचे खेळ का करावेत? ती दारात थोडी थांबली आणि कामावर गेली.

टकळीसाठी मी आज संपूर्ण पोथीच्या वाचनाचा संकल्प केला आहे. सायंकाळपर्यंत पुरे होईल. मधे उठावयाचे नाही, फक्त दोन खंडांमध्ये पाणी घेण्याइतकी मोकळीक. फोन बंद करून कपाटात ठेवला आहे. सवडीने उत्तर दे, घाई नाही.

तुझा आता स्वस्थचित्त झालेला मामा

*

दि. २६ फेब्रुवारी

मामा,

हे वाचत असाल तर उरलेले नंतर वाचा. आधी तिला उचला आणि सर्वांत जवळच्या मोठ्या इस्पितळात न्या. आत्ता. पोथी उघडी राहू दे.

तुमचा फोन बंद आहे. कारखान्यात वहिनीसाठी निरोप ठेवला आहे. तो तिच्यापर्यंत पोहोचायची वाट पाहू नका. रुग्णवाहिकेला फोन करा, उशीर लागेल म्हणाले तर दिसेल ती गाडी थांबवा.

पारा पाहू नका. शंभर असो की काही असो, त्याला काही अर्थ नाही. गार हातपाय म्हणजे ताप ओसरणे नव्हे. ही शांतता म्हणजे शांतता नव्हे.

काचेचा पेला त्या ठिपक्यांवर दाबून पाहा. काचेखाली ठिपके फिके झाले नाहीत तर ते डासांचे नाहीत, हे तिथल्या डॉक्टरांना सांगा. पण फिके झाले तरी निघा. हे पाहण्यात वेळ घालवू नका.

तिथे पोहोचल्यावर एवढेच म्हणा: मूल जागे राहत नाही, हातपाय गार आहेत, सकाळपासून लघवी नाही. तीन वाक्ये. मोठ्याने म्हणा. तुम्ही जन्मात कधी रांग मोडली नाहीत. आज मोडा.

माझे ते वाक्य या तापासाठी नव्हते.

*

दि. २८ फेब्रुवारी

ताई,

तुमचे इतके फोन आले, पण इथे आत फोन लावू देत नाहीत आणि बाहेर आलं की मला बोलता येत नाही, रडायलाच येतं. म्हणून लिहिते. वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून लिहितेय, चुकलं-माकलं समजून घ्या.

आधी सांगते. आहे. आपली टकळी आहे.

त्या दिवशी मुकादमबाई यंत्रापाशी आल्या आणि म्हणाल्या, तुमच्या नणंदेचा निरोप आहे, घरी पळा. मी भिंग हातातच घेऊन निघाले, अजून माझ्या पर्समध्ये आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बघते तर बाबा रस्त्याच्या मधोमध उभे. अनवाणी. टकळी खांद्यावर टाकलेली, तिचे हात खाली लोंबत होते. दुसऱ्या हातात पाण्याचा पेला. समोर पाववाल्याची गाडी, हॉर्न वाजवून वाजवून तो बेजार झालेला. मुंगीला वाट देणारा माणूस, ताई, हलेचना. 'मला चिरडून जा नाहीतर मला घेऊन जा,' म्हणाले त्याला. मला बघितलं आणि एवढंच म्हणाले, 'ठिपके जात नाहीत.'

तुमचं पत्र त्यांना कसं दिसलं माहितेय? पहिला खंड झाला म्हणून पाणी प्यायला उठले, आणि आपलं पत्र गेलं की नाही बघू म्हणून ते यंत्र उघडलं. तुम्ही हसायच्या ना त्या खोडीला. मी पण हसायचे.

पावाच्या गाडीत मागे ट्रेंच्या मधे बसून आलो, टकळी माझ्या मांडीवर. इस्पितळाच्या खिडकीपाशी ही रांग. बाबा रांगेशेजारून सरळ पुढे गेले आणि तुमची तीन वाक्यं म्हणाले. म्हणजे कशी, तर ते पोथी वाचतात ना तशी, एकेक अक्षर सुटं, खणखणीत. आतून नर्स धावतच आली. तिने टकळीचा पाय धरला, बोटाने दाबला, सोडला, आणि पांढरा पडलेला ठसा जाईचना. ती ओरडली कुणाला तरी. मग माझ्या हातून तिला घेतलीच त्यांनी.

शीर सापडत नव्हती. शेवटी पायाच्या हाडात सुई घातली. मी बघितलं, ती रडली नाही. त्या वेळी मला समजलं काय चाललंय ते. इथले डॉक्टर म्हणाले, जंतू रक्तात गेलेत, मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचलेत. अँटिबायोटिक लगेच सुरू केलं, श्वासाला नळी लावली. ते म्हणाले, संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर मला काही सांगता आलं नसतं. आज सकाळी रक्तदाब आपला आपण राहायला लागला. नळी उद्या काढू म्हणतात.

मी बाबांशी बोलत नाहीये, ताई. तुम्हाला वाईट वाटेल, पण खरं ते लिहिते. ते बाकाच्या त्या टोकाला बसतात. चहा आणतात, माझ्याजवळ ठेवतात आणि परत त्या टोकाला जातात. मी त्यांना सांगितलं होतं, ही माझी मुलगी वाटत नाही. त्यांनी मला वाक्य वाचून दाखवलं, आणि मी गेले. मीच गेले ना. कुणी ढकललं नव्हतं. राग कुणावर आहे तेच मला कळत नाही, म्हणून तो त्यांच्यावर ठेवलाय. ते धरून ठेवतील.

तुमच्यावर नाही. अगदीच नाही असं नाही. पण नाही.

तुमची वहिनी

*

दि. १ मार्च

गुणी लेकीस,

नळी काढली. ती स्वतः श्वास घेत आहे. संकल्प अपुरा राहिला. अधिक सुचत नाही.

मामा

*

दि. ४ मार्च

मामा,

तुमचे एवढे लहान पत्र मला जन्मात आले नव्हते. ते हातात धरून मी बराच वेळ बसले होते आणि बाहेर एक बाळ त्याच्या आजीच्या मांडीवर भोकाड पसरून रडत होते. इतका गोड आवाज! त्याच्या आजीला मी तसे म्हटले, तर तिला वाटले डॉक्टरीणबाईंचे डोके फिरले.

तुमच्या इस्पितळातल्या डॉक्टरांशी मी रोज बोलते. आता धोका टळला असे ते म्हणतात आणि मलाही तसेच वाटते. म्हणून आता लिहिते. तुम्ही विचारले नाहीत, पण तुम्हाला समजून घेतल्याशिवाय चैन पडत नाही, हे मला माहीत आहे.

जानेवारीत पहारेकऱ्यांना चित्र दाखवले होते ते वेगळ्या चोरांचे. हा चोर त्यांच्या ओळखीचा नव्हता. तो रक्तात शिरला आणि सगळीकडे एकदम पसरला. मग पहारेकऱ्यांचे भान सुटले. चोर कुठे आहे ते न पाहता त्यांनी सगळ्या नगरालाच आग लावायला सुरुवात केली. मामा, अशा आजारात माणूस चोराने जेवढा मरतो तेवढाच पहाऱ्याने मरतो. रक्तवाहिन्यांच्या भिंती झिरपू लागतात, रक्ताचा दाब घसरतो. तेव्हा शरीर एक कठोर हिशेब करते: हात-पाय वाऱ्यावर सोडायचे, मूत्रपिंडे सोडायची, कातडी सोडायची, उरलेले रक्त काळजाला आणि मेंदूला द्यायचे. म्हणून पोट कढत आणि पावले गार. म्हणून लंगोट कोरडा. शेवटी मेंदूलाही पुरेनासे होते, मग मूल निपचित पडते. रडायलासुद्धा रक्त लागते.

आणि मुलाचे शरीर शेवटपर्यंत किल्ला लढवते, हीच फसगत आहे. मोठा माणूस आधी कोसळतो. मूल बराच वेळ नुसते शांत दिसते.

माझ्या तपासणीच्या टेबलाशी मी थर्मामीटर लावायच्या आधी आईला विचारते: आज हे नेहमीसारखे आहे का? 'हे माझे बाळ वाटत नाही' असे एखादी म्हणाली की मी उठून उभी राहते. वहिनीने ते तुम्हाला शब्दशः सांगितले होते. हे मी तुम्हाला टोचायला लिहीत नाही. तिला सांगा, एवढेच. ती माझ्यापेक्षा चांगली परीक्षा करणारी निघाली.

राहिले माझे वाक्य. मी ते लिहिताना मला हसू येत होते, आणि हसता हसता मी निम्मेच लिहिले. चमचा फेकणारी मुलगी बरी असते हे लिहिले. चमचा न फेकणारी कशी असते ते लिहिले नाही. मामा म्हणजे शब्दाला शास्त्र मानणारा माणूस, हे मला ठाऊक असायला हवे होते.

आणखी एक. हे लिहावे की नाही असा मी दोन दिवस विचार केला. हा आजार मेंदूच्या आवरणापर्यंत गेला होता. अशा मुलांच्या कानांवर कधी कधी परिणाम राहतो. घरी सोडायच्या सुमारास तिचे कान तपासून घ्या, ते विसरले तर तुम्ही आठवण करा. बहुतेक काही निघणार नाही. पण तपासा.

तुमची भाची

*

दि. २३ मार्च

माझ्या बहिणीच्या गुणी लेकीस,

ज्याने दिले त्याने राखले, आणि राखण्यासाठी तुझ्या बोटांचा उपयोग केला. त्या बोटांना माझे आशीर्वाद.

तुझे पत्र मी अनेकदा वाचले. निम्मे वाक्य लिहिल्याचा दोष तू स्वतःकडे घेतलास तो मला मान्य नाही. तुझे ते जुने पत्र मी पुन्हा काढून पाहिले. 'हे सारे लसीच्या तापाबद्दल' असे तू त्यात स्पष्ट लिहिले आहेस. कोणतेही वचन त्याच्या प्रसंगापासून तोडू नये. ते कोणाला सांगितले, कशासाठी सांगितले, कोठे संपवले, हे पाहिल्यावाचून त्याचा अर्थ करू नये, असे मी पाठशाळेत आयुष्यभर शिकवीत आलो. विद्यार्थ्याने असे तोडून वाचले असते तर मी त्याला बाहेर उभा केला असता. पण वाक्य सुंदर होते, आणि लेकीचे होते. मला ते पाठ झाले, आणि पाठ झालेल्या वाक्यापुढे मी समोर निजलेल्या मुलीकडे पाहिले नाही. हे एवढे लिहिले. यावर आपण दोघांनी पुन्हा लिहू नये.

त्या दिवशी पेला दाबला तेव्हाचे सांगतो. ते कोणालाच सांगितलेले नाही. काचेखाली ठिपके तसेच राहिले. पहिल्या वाचनात मी ते पाहिले होते आणि डास म्हटले होते. तेच डोळे, तीच मांडी, तेच ठिपके. पोथी मागे उघडीच होती. मला वाटले, संकल्प मोडून उठतो आहोत, याचा जाब देवाला द्यावा लागेल. आणि त्याच क्षणी असेही वाटले की जो जाब विचारणार तोच तर माझ्या खांद्यावर निपचित पडला आहे. मग पायांत जोडे घालण्याचेही सुचले नाही. ती पोथी मी पुन्हा आरंभली नाही. घरी आल्यावर मिटून ठेवली आणि नमस्कार केला. उरलेले खंड इस्पितळाच्या बाकावर झाले, असे मी धरतो.

टकळीला गेल्या आठवड्यात घरी आणले. फार वाळली आहे. दोन पावले टाकते आणि बसते. पायाच्या एका बोटाचे टोक काळे पडले होते, ते सुटून जाईल, चालण्यास अडचण येणार नाही, असे डॉक्टर म्हणतात. पहिले काही दिवस बोलली नाही. नंतर एके दुपारी 'पाणी' म्हणाली. सूनबाईच्या हातातली वाटी खाली पडली.

कानांची आठवण मी केली. तपासणीच्या खोलीत एक तरुण मुलगी होती, हातात नाना तऱ्हेची खुळखुळी आणि यंत्रे. टकळी सूनबाईच्या मांडीवर. डाव्या बाजूला आवाज झाला की ती वळून पाही. उजव्या बाजूला झाला तर खुळखुळे मोठ्याने वाजवले तरी समोरच पाहत राही. त्या मुलीने यंत्राने पुन्हा तपासले, अगदी शांतपणे, आणि मग आम्हाला सांगितले: उजवा कान गेला आहे. डावा उत्तम आहे. एका कानावर मूल बोलावयास शिकते, शाळेत जाते, सर्व काही करते. मात्र गर्दीत तिला कष्ट पडतील, आवाज कोणत्या दिशेने आला ते समजणार नाही, म्हणून रस्त्यावर तिचा हात सोडू नये. दर काही महिन्यांनी पुन्हा दाखवावयाचे आहे.

परत येताना बसमध्ये सूनबाई खिडकीशी बसली होती, टकळी तिच्या मांडीवर. मी शेजारी. जिने उतरताना, औषधे घेताना, तिकीट काढताना, या साऱ्या दिवसांप्रमाणे आमच्यात एकही शब्द झाला नव्हता. तिचा अबोला मी मोडू पाहिला नाही. जे तिचे आहे ते तिच्यापाशी असावे. तुझा निरोप मात्र मी तिला इस्पितळातच दिला होता: डॉक्टरीणबाई म्हणतात, तू त्यांच्यापेक्षा चांगली परीक्षा केलीस. तिने तो ऐकला आणि तोंड फिरवले.

बस सुरू झाली. टकळीला बाहेर एक घोडा दिसला असावा. ती काहीतरी सांगू लागली. आवाज अजून बारीक आहे. मी उत्तर दिले, 'हो गं, पांढरा घोडा.' तिने ऐकले नाही. पुन्हा सांगू लागली. मी पुन्हा उत्तर दिले. तिचा चेहरा हिरमुसला. आजोबा बोलत नाहीत, असे तिला वाटले असणार.

मी खाली पाहू लागलो. तेव्हा सूनबाई उठली. चालत्या बसमध्ये, एका हाताने दांडी धरून, मुलीला कडेवर घेऊन ती माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली,

'बाबा, तुम्ही खिडकीशी सरका. तुमच्याकडे तिचा डावा कान यायला हवा.'

मी सरकलो. तिने टकळीला माझ्या मांडीवर दिले.

तुझा मामा